कागदी घोडे

कागदी घोडे नाचवणारा माणूस म्हटला की आपल्यापुढे सरकारी कचेरीतला कारकून उभा राहतो. मी कारकून नाही. कॉलेजात मराठी शिकवतो. तरी गेली अकरा वर्षे मी कागदी घोडे नाचवीत आलो आहे, आणि तेही अगदी शब्दश:. महालक्ष्मीचा मोसम सुरू झाला, की रविवारी सकाळी चहाच्या कपाशेजारी रेसबुक उघडायचे, प्रत्येक शर्यतीतला एकेक घोडा निवडायचा, त्यावर मनातल्या मनात शंभर रुपये लावायचे आणि संध्याकाळी निकाल पाहून वहीत जमाखर्च मांडायचा. खिशातून जातात ते फक्त रेसबुकाचे पैसे.

मनातल्या मनात का, तर आईमुळे. अण्णा इथेच साकीनाक्याला एका कारखान्यात फिटर होते. हात सोन्याचा, पण त्या हाताने मिळवलेले सोने महालक्ष्मीच्या मैदानावर जाई. कारखान्यात कानावर खोचलेली पेन्सिल शर्यतीच्या दिवशीही तशीच कानावर असे. आईच्या पाटल्या दोनदा गहाण पडल्या. तिसऱ्यांदा गेल्या त्या परत आल्या नाहीत. त्या रात्री अण्णा एवढेच म्हणाले, "अगं, मी निवडला होता तोच लागला. ऐन वेळी बदलला मी." आईने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. मी तेव्हा नववीत होतो. दुसऱ्या दिवशी तिने मला देवापुढे बसवून गळ्याची शपथ घातली, की घोड्यावर एक पैसाही लावणार नाहीस.

शपथ पैशाची होती, वाचनाची नव्हती. ही पळवाट मी एम.ए. झाल्यावर शोधून काढली. शब्दांचा कीस पाडण्याचे शिक्षण कुठेतरी उपयोगी पडायचेच!

आणि वाचकहो, वाचायला त्यात खूप आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानेच निकाल दिला, की घोड्यांची शर्यत हा मुख्यत: कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा नव्हे. घोड्याने मागच्या शर्यतींत काय केले, किती अंतरावर केले, जॉकी कोण होता, हे सारे पाहावे लागते. हँडिकॅपच्या शर्यतीत तर सरस घोड्याच्या पाठीवर जास्त वजन चढवतात, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी. (घरातल्या थोरल्या मुलाला हा नियम निराळा समजावून सांगावा लागत नाही.) बाराशे मीटरमध्ये मागून येत येत चौथा राहिलेला घोडा चौदाशे मीटरमध्ये पुढे येईल का, असा विचार करीत बसण्यात जो आनंद आहे, तो मला ओवीचा अर्थ लावताना मिळतो तसाच वाटतो.

अर्थात घोडे रेसबुक वाचत नाहीत. आपल्याकडे शर्यत सपाट मैदानावर तरी असते. विलायतेत ग्रँड नॅशनल म्हणून मोठी शर्यत आहे, तिच्यात घोड्यांना तीस अडथळ्यांवरून उड्या माराव्या लागतात. १९५६ साली राजमातेचा डेव्हन लॉक सगळे अडथळे ओलांडून पुढे होता; खांब जेमतेम पन्नास यार्डांवर राहिला असताना तो सपाट हिरवळीवर फतकल मारून बसला. १९६७ साली उलटे झाले. एका लहानशा कुंपणापाशी घोड्यांची एकच गर्दी उडाली, आणि इतका मागे राहिलेला, की त्या गोंधळातून वाट काढायला ज्याला सवड मिळाली, तो फॉयनाव्हॉन जिंकला. त्याचा भाव होता एकास शंभर! त्याला कोणत्या अभ्यासाने निवडावे?

गेल्या मोसमात फेब्रुवारीपर्यंत माझ्या वहीची बेरीज प्रथमच जमेच्या बाजूला आली. ३,४०० रुपये. मुलीने वही चाळली आणि सहज विचारले, "बाबा, खरंच लावले असते तर?"

तो प्रश्न आठवडाभर माझ्या उशाशी बसून होता. रविवारी मी घरी परीक्षकांच्या सभेची थाप मारली, साकीनाक्याला मेट्रो पकडली आणि अंधेरीहून लोकलने महालक्ष्मीला उतरलो. १८८३ सालापासूनचे ते मैदान. अण्णांच्या मागे मी तिथे पहिल्यांदाच जात होतो. पाचव्या शर्यतीत माझा घोडा सात नंबरचा. बाराशेचा चौथा, आज चौदाशे, पाठीवर वजन हलके. पॅडॉकमध्ये त्याला फिरताना पाहिले, आणि माझी खात्री पटली.

टोटच्या रांगेत उभा राहिलो. मुठीत पाचशेच्या दोन नोटा. पुढे-मागे सगळ्यांच्या तोंडी एकच नंबर होता, तीन. फळ्यावर त्याचा भाव उतरत चालला होता. एवढ्या माणसांना जे दिसते ते मला एकट्याला का दिसत नाही? घामाने नोटा ओल्या झाल्या. माझी पाळी आली, खिडकीतल्या माणसाने मान वर न करता "बोला" म्हटले, आणि माझ्या तोंडून शब्द गेले, "तीन, विन."

सात नंबर दोन लांब्यांनी जिंकला. तीन तिसरा आला. लोक तिकिटे फाडून निघून गेले, मी मात्र बराच वेळ कठड्याला धरून उभा होतो. हजार रुपयांचे दु:ख होतेच, नाही असे नाही. पण कानात घुमत होते ते नववीत ऐकलेले वाक्य.

घरी आलो तेव्हा आई मेथी निवडत बसली होती.

"झाली सभा?"

"झाली."

"कानावरची पेन्सिल काढ आधी."

माझा हात कानाकडे गेला. थोडा वेळ गेला. मग तिने खाली मान घालूनच विचारले, "कुठला लावायचा होता?"

"सात."

"आणि लावलास?"

"तीन. सात लागला."

शपथेचे नाव तिने काढले नाही. मेथीची काडी तिच्या हातात तशीच राहिली. भिंतीवरच्या अण्णांच्या फोटोकडे पाहत ती हळूच म्हणाली, "म्हणजे ह्यांचं खरं होतं."

आणि पुन्हा मेथी निवडू लागली.