बंदुकीची खरेदी

आमच्या घराण्यांत तीन पिढ्यांत विळी आणि अडकित्ता यांखेरीज शस्त्र म्हणून कांहीं आलेलें नाहीं. अशा घरांतील एका निवृत्त शिक्षकानें बंदुकीच्या निवडीविषयीं लेख लिहावा याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु गेल्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत पुतण्याकडे तीन महिने राहण्याचा योग आला, आणि त्या मुक्कामांत त्या घरीं दुसरा विषयच नव्हता. पुतण्या तेथील नागरिक असून व्यवसायानें इंजिनिअर आहे. कचेरींतील एका स्नेह्याच्या संगतीनें त्याला लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा नाद लागला होता. शिकार नव्हे, तसें असतें तर मी त्या चर्चेंत बसलोंच नसतों. सहाशें यार्डांवर उभ्या केलेल्या कागदी लक्ष्यावर एकेक गोळी विचारपूर्वक सोडावयाची, एवढाच तो खेळ. त्याकरितां त्यानें दीड हजार डॉलर बाजूस काढले होते, आणि या विद्येंत तेवढी रक्कम म्हणजे गरिबाचाच संसार.

मला या विषयांत अगदींच गति नाहीं असें नाहीं. शाळेंत असतांना राष्ट्रीय छात्रसेनेच्या मुलांबरोबर मी कित्येक वर्षें शिबिरांस जात असें. पालथें पडून .२२ ची बंदूक कशी धरावी, श्वास कोठें रोखावा, चाप किती हलकेच दाबावा, हें मुलांबरोबर मीही शिकलों. शिवाय अंजली भागवत, तेजस्विनी सावंत आणि २०२४ सालीं पॅरिस येथें कांस्यपदक मिळविणारे कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांच्यामुळें महाराष्ट्रांतील घरांना हा खेळ आतां परका राहिलेला नाहीं. मात्र त्यांच्या ऑलिंपिक सामन्यांचें अंतर दहा किंवा पन्नास मीटरांचें. सहाशें यार्ड म्हणजे जवळजवळ साडेपांचशें मीटर. तेथें निराळेंच गणित लागू होतें.

परंतु त्या घरांतला पहिला प्रश्न अंतराचा नव्हताच. सूनबाईनें मला दुसऱ्याच दिवशीं साक्षीस घेतलें. ती म्हणाली, “काका, तुम्हीच सांगा. ह्याच्या शाळेंत दर थोड्या महिन्यांनीं मुलांना दिवे मालवून, दार लावून, कोपऱ्यांत गप्प बसायला शिकवतात. कोणी बंदूक घेऊन शिरला तर काय करायचं, त्याची ती तालीम. आणि आपण होऊन ती वस्तू घरांत आणायची?” नातू नऊ वर्षांचा आहे. त्यानें मला ती तालीम करून दाखविली. गुडघे पोटाशीं घेऊन, भिंतीला चिकटून तो इतका निश्चल बसला कीं मला पुढें बोलवेना. उभ्या नोकरींत मीं मुलांना वर्गांत गप्प बसविलें, पण असलें गप्प बसणें मीं कधीं पाहिलें नव्हतें.

पुतण्यानें वाद घातला नाहीं, हें मला आवडलें. “तुझा होकार नसेल तर हा विषय येथेंच संपला,” असें तो म्हणाला आणि खरोखरच आठवडाभर गप्प राहिला. पुढें तोड निघाली ती बंदुकीच्या रचनेंतूनच. जर्मन सैन्यानें १८९८ सालीं माउझरची जी बंदूक स्वीकारली, तिच्यापासून आजतागायत या जातीच्या बंदुकीचें तत्त्व फारसें बदललेलें नाहीं. दाराच्या अडसरासारखा एक पोलादी दांडा असतो, त्यास बोल्ट म्हणतात. तो हातानें मागें ओढला कीं रिकामें टरफल बाहेर पडतें. पुढें ढकलला कीं नवें काडतूस नळींत बसतें. आणि मूठ खालीं वळविली म्हणजे दांड्याचे कान खाचांत अडकून दार घट्ट बंद होतें. आपोआप चालणारें असें त्यांत कांहीं नाहीं. अचूकपणास हीच गोष्ट पोषक ठरते, आणि घराच्या दृष्टीनेंही हीच सोयीची. कारण तो बोल्ट क्षणांत संपूर्ण काढून घेतां येतो, आणि मग उरते ती दस्त्यांत बसविलेली पोकळ नळी. ठरलें असें कीं बंदूक तळघरांतील लोखंडी कपाटांत, काडतुसें दुसऱ्या कुलपांत, आणि बोल्ट सूनबाईच्या कुलपांत. कपाटाचे अडीचशें डॉलर आधीं खर्च झाले. बंदूक अद्याप दुकानांतच होती.

आतां गणित. या विद्येंत मोजमाप अंशाच्या साठाव्या भागानें करितात. इंग्रजी नांव कांहींही असो, आपल्या पंचांगाची ती ‘कला’च होय. शंभर यार्डांवर एक कला म्हणजे एक इंचाहून किंचित् अधिक, आणि सहाशें यार्डांवर सव्वासहा इंच. बंदूक चांगली कीं वाईट हें ती किती कलांच्या आंत गोळ्या टाकते यावरून ठरतें. आश्चर्य हें कीं आज पांच-सहाशें डॉलरांची साधी बंदूकही चांगलें काडतूस दिल्यास सुमारें एका कलेंत राहते. तिच्या चौपट किंमतीची अर्ध्या कलेंत. म्हणजे सहाशें यार्डांवर दोहोंत फरक तीन इंचांचा. उलट, ताशीं दहा मैलांचा आडवा वारा त्याच अंतरावर गोळीला दोन फूट बाजूस नेतो. वाऱ्याचा अदमास निम्म्यानें चुकला तर गोळी एक फूट सरकली. हें कोष्टक मीं जेवणाच्या टेबलावर मांडलें तेव्हां पुतण्याच्या मनांतील महागडी, सैनिकी थाटाची, ठायीं ठायीं पेंच असलेली बंदूक आपोआप मागें पडली. तीन इंचांसाठीं हजार डॉलर मोजावयाचे आणि फुटाचा विचारच करावयाचा नाहीं, हा कसला व्यवहार?

दुकानांत आम्ही तीन वेळां गेलों. तेथें ‘टिक्का’ नांवाची फिनलंडची बंदूक होती. तिचा बोल्ट तुपांतून सुरी फिरावी तसा सरकत असे. पण किंमत हजाराच्या घरांत. ‘रुगर अमेरिकन’ स्वस्त आणि हलकी. हलकेपणा शिकाऱ्यास बरा, कारण त्याला ती खांद्यावर वाहावयाची असते. निशाणावर नेम धरून पडून राहणाऱ्याला वजनच हवें. जड बंदूक धक्का कमी देते, आणि जाड नळी चार-सहा बारांत तापून भलतीकडे गोळ्या टाकीत नाहीं. स्वस्त मालांत कारखानदार कोठें काटकसर करितात हेंही तेथें कळलें. नळींत नव्हे, तर दस्त्यांत. प्लास्टिकचा दस्ता चिमटींत धरून दाबावा. तो वांकून नळीला टेंकत असेल तर ती बंदूक खुशाल परत द्यावी. चाप हलका करण्याची सोय आहे कीं नाहीं हेंही पाहावें, कारण जड चापाच्या ओढीनें बंदूकच हलते.

अखेर ‘सॅव्हेज’ कारखान्याची जाड नळीची बंदूक ठरली. या कारखान्यानें १९५८ सालीं ‘११०’ क्रमांकाची बंदूक काढली. तिच्यांत नळी एका मोठ्या चाकीनें आवळून बसवितात. त्यामुळें काडतुसाच्या खोबणीचें माप जुळविण्यास निष्णात कारागिराचा हात लागत नाहीं. स्वस्ताईचें मर्म त्या चाकींत आहे. अशी युक्ति पाहिली कीं मला पाणिनीच्या सूत्राची आठवण होते.

काडतुसाविषयीं मात्र आमचें जमेना. मी .३०८ विंचेस्टरच्या पक्षाचा. हें १९५२ सालचें जुनें काडतूस. त्याची नळी चार-पांच हजार बारांपर्यंत टिकते. पुतण्यास २००७ सालीं निघालेलें ६.५ क्रीडमूर हवें होतें. त्याची नळी निम्म्यांत झिजते, परंतु गोळी सडपातळ असल्यामुळें वाऱ्याला कमी बळी पडते, आणि धक्काही सौम्य. तें नांव न्यूयॉर्कनजीकच्या ज्या मैदानाचें, त्याची कथा वाचकांस सांगितलीच पाहिजे. १८७४ सालीं तेथें आयर्लंड व अमेरिका यांचा सामना झाला. अंतरें आठशें, नऊशें व हजार यार्ड. अमेरिकेचे गुण ९३४, आयर्लंडचे ९३१. त्यांत मिल्नर नांवाच्या आयरिश नेमबाजाची एक गोळी लक्ष्याच्या बरोबर मध्यभागीं लागली होती. फक्त तें लक्ष्य शेजारच्याचें होतें, म्हणून गुण शून्य. द्रोणाचार्यांच्या परीक्षेंत अर्जुनाला पक्ष्याचा डोळा तेवढा दिसला हें आपण मुलांना नेहमीं सांगतों. पण कोणत्या पक्ष्याचा, हेंही आधीं पाहून घेतलेलें बरें.

हा वाद सूनबाईच्या एका प्रश्नानें मिटला. “महिन्याला काडतुसं किती लागणार?” तिनें वही काढली. सामन्याच्या दर्जाचें काडतूस दीड डॉलरास एक. महिना साठ बार धरले तर वर्षाचे हजारांवर डॉलर! बंदुकीची किंमत त्यापुढें पहिला हप्ता ठरली. तिनें महिन्यास चाळीस मंजूर केलीं. त्या मानानें ६.५ ची नळीदेखील चार-पांच वर्षें पुरते, म्हणून मीं माझा पक्ष मागें घेतला. उरलेल्या पैशांतून दुर्बीण घेतली ती पाव-पाव कलेनें सरकणारी, आणि दिलेली खूण परत फिरविली असतां नेमकी मूळ जागीं येणारी. दुर्बिणींत कंजुषी करूं नये, या मतावर आम्ही तिघेही होतों. उरलेला सराव घरींच. रिकाम्या बंदुकीचा चाप रोज वीस वेळां दाबावयाचा, काडतुसें कुलपांत, आणि बोल्ट सूनबाईनें हातीं दिला तरच.

मैदानावर मी केवळ प्रेक्षक. तात्पुरत्या परवान्यावर आलेल्या परक्या मनुष्यास कांहीं अपवाद सोडल्यास शस्त्र बाळगूं द्यावयाचें नाहीं, असा तेथील केंद्र सरकारचा कायदा आहे. (आपल्याकडेही १९५९ च्या शस्त्रकायद्याखालीं परवान्यावांचून असली बंदूक घेतां येत नाहीं, तेव्हां कोणा उत्साही तरुणानें हा लेख दुकानदारास दाखवूं नये.) मी तिवईवरची दुर्बीण घेऊन मागें बसत असें. तापलेल्या जमिनीवरची हवा तींत थरथरतांना दिसते, आणि ती थरथर ज्या बाजूस वाहते त्या बाजूस वारा. ती सरळ वर उकळूं लागली तर वारा पडला, किंवा तो नेमका लक्ष्याच्या रेषेंत आहे. वेदांतांत मृगजळ हा भ्रमाचा दृष्टांत; येथें तेंच प्रमाण! पहिल्या दिवशीं सहाशें यार्डांवरची पहिली गोळी पंधरा इंच डावीकडे गेली. मीं “उजवीकडून वाहतें आहे, अजून तसेंच आहे,” म्हणतांच त्यानें दुर्बिणीची खूण अडीच कला फिरविली, आणि पुढच्या पांचांपैकीं तीन काळ्या वर्तुळांत बसल्या.

मी परत आल्यावर गेल्या महिन्यांत सूनबाईचा फोन आला. तिनें स्वतःच एका रविवारीं बोल्ट काढलेली बंदूक खिडकीपाशीं आणून नातवाला नळींतून उजेड पाहूं दिला. आंतल्या मळसूत्री खाचा किती, हें मोजण्यांत त्याची सकाळ गेली. मोजणी दर वेळीं निराळी येते, म्हणून त्यानें मला विचारावयास सांगितलें होतें.