नाळ

मराठीच्या शिक्षकाने शास्त्रात नाक खुपसू नये, असे आमचे आजवरचे मत होते. कला शाखेची पदवी घेऊन आम्ही फोंड्याहून ग्वाल्हेरीस आलो, त्यास आता अकरा वर्षे होतील. एवढ्या काळात कॅल्शियमशी आमचा संबंध आला तो विड्यातील चुन्यापुरता. परंतु गेल्या पावसाळ्यात एक माजी विद्यार्थिनी लष्करातील आमच्या खोलीवर आली आणि हे मत डळमळले.

ती जिवाजी विद्यापीठात जीवतंत्रज्ञान शिकते. आपल्या शाळेतील मुलांसमोर तिला मराठीतून बोलावयाचे होते, आणि 'ॲनेक्सिन ए-५' या प्रथिनास मराठी नाव हवे होते. "ते करते काय, हे आधी सांग," आम्ही म्हणालो.

पेशीचे आवरण दुपदरी असते. त्याच्या आतल्या पदरात फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा स्निग्ध पदार्थ असतो (हे नाव उच्चारताना आमची बोबडी वळली). निरोगी पेशी त्यास आतच राखते. पेशीने आपले आयुष्य आटोपते घेतले, की तो बाहेरच्या पदरावर येतो. अशा मरणाला शास्त्रज्ञांनी १९७२ साली ग्रीक भाषेतून पानगळीचे नाव दिले. ॲनेक्सिन नेमके त्या बाहेर आलेल्या पदार्थास जाऊन चिकटते. मात्र कॅल्शियम हजर असेल तरच. ते काढून घेतले की प्रथिन सुटते. त्यास चमकणारा रंग जोडला म्हणजे कोणती पेशी निरोपाच्या वाटेवर आहे ते यंत्रास दिसते. विषांचा वा औषधांचा परिणाम अभ्यासणाऱ्यांस ही कसोटी मोलाची. प्रयोगासाठी लागणारे हे मानवी प्रथिन आता बहुधा मानवापासून काढीत नाहीत. त्याचे जनुक जंतूंत घालून त्यांच्याकडूनच ते करवून घेतात. जंतूंनी माणसाची वेठबिगार करावी, हे आम्हांला फार आवडले.

"मग 'मृत्युदूत' म्हण," आम्ही सुचविले.

"नाही सर. दूत मृत्यू आणतो, हे काहीच आणत नाही. शिवाय आवरण फाटलेल्या पेशीत ते आत शिरूनही चिकटते. म्हणून सोबत दुसरा रंग वापरावा लागतो. मेलेली कोण आणि मरू लागलेली कोण, यात गल्लत झाली तर प्रयोग वाया जातो."

जिच्या निबंधांतील शब्द आम्ही तांबड्या शाईने खोडले, तिने आमचा शब्द खोडला. आम्ही चहा मागविला.

जाता जाता ती म्हणाली, "आणि सर, १९८५ साली हॉलंडमधील संशोधकांनी हे मानवी नाळेच्या रोहिण्यांतून वेगळे केले होते. रक्त गोठू न देणारा पदार्थ म्हणून. मरू लागलेली पेशी त्याने ओळखता येते, हे पुढे १९९४ च्या सुमारास दिसले."

आमच्या कोंकणीत बेंबीला बोंबली म्हणतात. आमची नाळ घरामागील माडाखाली पुरली, असे मातोश्रींनी लहानपणी सांगितले होते, आणि या परमुलखात तो माड आम्ही मनाशी जपून ठेवला होता. त्या रात्री दूरध्वनीवरून त्याची चौकशी केली. मातोश्री थोड्या थांबल्या. "माड पडलो रे, गेल्या वर्सा. तुका कित्याक सांगचें?"

नाव अद्याप सुचलेले नाही. मुलांपुढे ती ॲनेक्सिनच म्हणाली, आणि मुलांना तो शब्द मुळीच जड गेला नाही.