टिलर आला, पण सांभाळायचा कोणी?

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले आणि वतनाच्या गुलामीवर घाव घातला. पुढे १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले. मागे राहिले ते जमिनीचे तुकडे. भावाभावांत वाटण्या होत होत आमच्या वस्तीत आज ११ घरांकडे असे तुकडे आहेत. कोणाचे २० गुंठे, कोणाचे १२.

एवढ्या जमिनीसाठी बैलजोडी पाळणे परवडत नाही. ट्रॅक्टरवाला बांधापर्यंत येतो, शेताकडे बघतो आणि म्हणतो, "तुमचं मागून बघू." मोठ्या रानात त्याला दिवसाचे भाडे सुटते, आमच्या पट्टीत त्याला वळायलाही जागा नाही. पण वाफसा कोणासाठी थांबत नाही. मागून बघेपर्यंत जमीन वाळते, पेरणी लांबते आणि वर्ष हातचे जाते.

बाबासाहेबांनी १९१८ सालच्या लहान जमीनधारणेवरील निबंधात दाखवून दिले आहे की, शेत परवडते की नाही हे केवळ त्याच्या आकारावर ठरत नाही. जमिनीला श्रमाची आणि भांडवल-अवजारांची जोड योग्य प्रमाणात आहे की नाही, यावर ते ठरते. आमच्याकडे श्रम होते, अवजार नव्हते. म्हणून ११ घरांनी वर्गणी काढली आणि पेट्रोलवर चालणारा ७ अश्वशक्तीचा छोटा टिलर आणला. गावात कोणी त्याला पॉवर वीडरही म्हणतात.

पहिला हंगाम आनंदात गेला. दुसऱ्या वर्षी ऐन जूनमध्ये इंजिन जाम झाले. दुरुस्तीला नेले तर आत ऑइलचा थेंब नव्हता. दुकानदार हसून म्हणाला, "तुमच्या लोकांना मशीन कशाला पाहिजे?" तो शब्द वस्तीला लागला. त्याहून वाईट म्हणजे घराघरांत भांडण पेटले. जो तो म्हणे, "माझ्याकडे होता तेव्हा चांगला होता." कोणी म्हणाले, भंगारात घाला आणि पैसे वाटून घ्या.

यंत्र ११ घरांचे होते, पण ऑइल बघणे कोणाचेच काम नव्हते. खरे दुखणे हे होते. कचेरीत आम्ही दिवसभर नोंदवह्याच लिहितो. तीच विद्या वस्तीच्या कामी आणायचे ठरवले. रविवारी विहारात वंदना झाल्यावर बैठक घेतली आणि टिलरची वही घातली. कोणी नेला, किती तास चालवला, पेट्रोल किती, ऑइल पाहिले का, आणि खाली सही. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या घरातले शाळकरी पोर लिहिते. दर तासाला ठरावीक रक्कम देखभाल निधीत जमा होते. वही आली आणि भांडण थांबले, कारण आता बोट दाखवायला माणूस नको, पान पुरते.

तासांची नोंद पैशासाठी जितकी, तितकीच इंजिनासाठी. नव्या इंजिनाचे पहिले ऑइल साधारण २० तासांनीच बदलावे, कारण सुरुवातीला घासून निघालेला धातूचा कीस त्यात उतरतो. पुढे पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे, बहुधा ५० ते १०० तासांनी. रोज सुरू करण्याआधी टिलर सपाट जागी उभा करून, इंजिन थंड असताना, ऑइलची पट्टी पुसून बघावी. चढावर उभा केला तर पट्टी खोटे सांगते. हे झाले चार-स्ट्रोक इंजिनाचे. दोन-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्येच ठरलेल्या प्रमाणात ऑइल मिसळावे लागते.

दुसरा शत्रू धूळ. हवेच्या फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुवावा, सावलीत वाळवावा, ऑइलचे चार थेंब लावून पिळावा. कागदी फिल्टर असेल तर नुसता झटकावा, पाणी लावू नये. प्लगवर काजळी धरली तर ब्रशने साफ करावा.

तिसरी गोष्ट पेट्रोलची. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा ओढते. हंगाम संपल्यावर टाकीत पेट्रोल ठेवले तर कार्बोरेटर तुंबतो आणि पुढच्या वर्षी दोरी ओढून खांदा निखळायची वेळ येते. म्हणून टाकी रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.

रानात घाई करू नये. मातीची मूठ आवळून खाली टाकावी. फुटली तर वाफसा आहे, लाडू तसाच राहिला तर थांबावे. ओल्या काळ्या रानात टिलर घातला की ढेकळे दगडासारखी होतात. मागची लोखंडी पट्टी हा टिलरचा लगाम आहे. दांडा खाली दाबला की पट्टी रुतते, चाल मंदावते आणि पाती खोल जातात. पहिला फेरा उथळ, दुसरा खोल, म्हणजे हाताला झटके बसत नाहीत.

आणि जिवाचे सांगतो, ते नीट ऐका. पात्यांत गवत अडकले तर इंजिन बंद करून प्लगची टोपी काढल्याशिवाय हात घालू नका. पायात चप्पल नको, बूट हवा. पदर, उपरणे खोचलेले असावे. पोरे जवळ नकोत. मागे घेताना पाठीशी झाड, भिंत नाही ना ते आधी पाहा. गरम इंजिनावर पेट्रोल ओतू नका आणि तेव्हा बिडी तर नकोच. बंद खोलीत सुरू करू नका; त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.

आमच्या वस्तीत हे सारे आता सर्वांत नीट जाणणारी एक विधवा ताई आहे. पूर्वी आयाबायांच्या हाती खुरपे आणि पुरुषांच्या हाती यंत्र, अशी वाटणी होती. ताईंनी बैठकीत विचारले, "वर्गणी आम्ही पण दिलीय ना?" त्यावर कोणाला उत्तर सुचले नाही. आज ऑइल बदलायचे तर आधी त्यांना हाक जाते आणि नवीन पोरांना दोरी ओढायला त्याच शिकवतात.

१९४५ सालच्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली. यंत्र माणसाला जनावरासारख्या कष्टांतून सोडवते आणि विचाराला फुरसत देते. त्याचा लाभ सर्वांना मिळत नसेल तर दोष यंत्राचा नसून समाजरचनेचा आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. आमच्या ११ घरांची रचना बिघडली तेव्हा टिलर बिघडला. रचना सुधारली, तेव्हा तो चालू लागला. बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीत, बचत गटात टिलर असो, शिलाई यंत्र असो की पाण्याचा पंप, त्याच्याबरोबर पहिल्याच दिवशी एक वही आणा. आणि पहिल्या पानावर सर्वांच्या सह्या घ्या, बायाबापड्यांच्या सुद्धा.

जय भीम!