काळ्या पाषाणाखाली

शिरूर कासारला सिंदफणेकाठच्या एका शेतात विहीर खणत होते. मुरूम संपून काळा पाषाण लागला होता. सुरुंगाची भोकं पाडणारा गडी म्हणाला, “अण्णा, ह्या दगडाखाली काय आसंल?” त्या प्रश्नानं कॉलेजातली जुनी ओढ पुन्हा जागी झाली. आमचा बालाघाट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच्याखालची जमीन बघायची तर थर जिथं विरत जातात त्या चंद्रपूरकडं जायला हवं.

नांदेड, यवतमाळ, वणी करत वरोरा गाठलं. आनंदवनाला रस्त्यावरूनच हात जोडले. लॉजवर रात्रभर ना वीज ना पाणी. फार संताप झाला. पण सकाळी डोंगरगावच्या टेकडीशी लाव्हाखालची तांबडी-हिरवट माती दिसली आणि सगळं विसरलो.

याच टेकडीवर १९८४ ते १९८६ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे सोहन जैन यांनी एका शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा खणून काढला. संख्याशास्त्राची ही संस्था प्रशांतचंद्र महालनोबीसांनी उभारली, आणि तिथं जीवाश्मांनाही हक्काची जागा मिळाली, याचं मला फार अप्रूप आहे. मणके, बरगड्या, कमरेची हाडं, पुढचा पाय मिळाला, कवटी नाही. १९९७ साली जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी त्याला ‘टायटॅनोसॉरस कोलबर्टी’ म्हटलं. २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च यांनी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचं नाव ‘आयसीसॉरस’ केलं.

सोबत इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक होते. ते उसळलेच. “लिडेकरनं १८७७ साली जबलपूरच्या हाडांवरून दिलेलं ‘टायटॅनोसॉरस’ हे नाव मोडीत का काढायचं?” मी म्हटलं, “सर, ती शेपटीचे मणके न् मांडीचं हाड. तसे मणके त्या कुळातल्या कितीतरी प्राण्यांना असतात. वेगळेपण सिद्ध होत नसेल तर नाव टिकणार कसं?” सरांना पटलं नाही.

जवळच पिसदुरा. एकोणिसाव्या शतकात इथली हाडं प्रकाशात आणली ती नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी. १८६३ साली ते नदीत बुडून वारले. इथंच शेणाचे दगड झालेले गोळे मिळतात. २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आदींनी त्यांत गवताचे सिलिकाकण दाखवले. थोडेच, पण त्यातले काही भाताच्या गोताजवळचे! डायनोसॉरच्या काळात गवतं इतकी विविध झालेली नव्हती, ही समजूत त्यानं ढासळली.

“पण शेण आयसीसॉरसचंच कशावरून?” सरांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. हाडं आणि गोळे एकाच मातीत असणं म्हणजे पुरावा नव्हे. शेण कुणाचं यावर अभ्यासकांतही मतभेद आहेत. पण गवत कुणीतरी खाल्लं, एवढं पक्कं. वणीपर्यंत आम्ही हेच भांडत आलो. कोलकात्यातल्या सांगाड्याची प्रतिकृती वरोऱ्यातल्या पोरांना बघायला मिळावी, यावर मात्र दोघांचं एकमत झालं.