पखुर्डीची ओळख

पखुर्डी शोधायची तर माळ तुडवून भागत नाही, आधी पाणी शोधावे लागते. जालना जिल्ह्यातल्या अंबड-घनसावंगीकडच्या बरड रानात दिवसभर हिंडलात तरी ती दिसेलच याचा भरवसा नाही. पायापासून दहा हातांवर ती मान आखडून बसलेली असते, ढेकळांत ढेकूळ होऊन, आणि आपण पुढे निघून जातो. मात्र तिचे खाणे सगळे कोरडे. गवताचे बी, तणाचे बी, काढणीत सांडलेले बारीक दाणे. त्यात ओल म्हणून नसते. त्यामुळे रोज पाण्यावर येणे तिला चुकत नाही, आणि येण्याची वेळही ती सहसा मोडत नाही. दिवस कासराभर वर आला, उन्हाला चटका येऊ लागला की थवे येतात. उन्हाळ्यात कधीकधी दिवस मावळायच्या आधी आणखी एक फेरी होते.

आमचे थोरले चुलते हे शिकवायचे. सगळे गाव त्यांना आबा म्हणायचे, आम्हीही. त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती आणि तिच्या मागे दारूगोळ्याची पिशवी घेऊन चालायचे काम माझ्याकडे असे. आबांचा एक नियम पक्का होता. "जे वळखू येत न्हाई, त्याच्यावर नळी रोखायची न्हाई." त्यामुळे बार उडण्यापेक्षा न उडण्याच्याच सकाळी जास्त असत. आम्ही बाभळीच्या बुडाशी बसून राहायचो आणि आबा कान लावायचे. आवाज आधी येतो. आभाळात काहीच दिसत नसताना लांबून दुहेरी घोगरा सूर ऐकू येतो, कुट-रो, कुट-रो. मग ठिपके दिसतात. चण पारव्याएवढी, पण उडण्याची तऱ्हा निराळी. पंख टोकदार, पंखांची आतली बाजू काळपट, वेग दांडगा, आणि शेपटीतून मागे निघालेली दोन लांब, बारीक पिसे. एवढे पाहिले की ओळख पटली. इंग्रजीत तिला सँडग्राउज म्हणतात, पण युरोपातल्या थंड माळांवर शिकारी ज्या ग्राउजच्या मागे फिरतात, तो कोंबडीच्या कुळातला. आपली पखुर्डी पारव्यांना जवळची.

खाली उतरल्यावर नर-मादी वेगळी कळतात. नराचा अंगरंग वाळूसारखा, चेहऱ्यावर पिवळसर झाक, छातीवर बारीक काळी रेघ आणि पोट गडद तपकिरी, जवळजवळ काळे. मादीच्या अंगावर रेघा आणि ठिपके इतके की वाळल्या गवतात ती विरघळूनच जाते. थवा थेट पाण्यावर उतरत नाही. थोड्या अंतरावर, मोकळ्या जागी बसतो, चहूकडे पाहतो, मग आखूड पायांनी तुरुतुरु काठाशी येतो. पाणी पिणे क्षणांचे. घाईघाईने काही घोट, की सगळा थवा एकदम वर.

एक वैशाखातली सकाळ मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. गावच्या पाझर तलावात पाणी तळाला गेले होते. थवा पिऊन उठला आणि एक नर मागे राहिला. तो पोटापर्यंत पाण्यात गेला, अंगाची पिसे फुलवली आणि उभ्या जागी पुढेमागे हेलकावे घेऊ लागला. थांबायचा, इकडेतिकडे पाहायचा, पुन्हा हेलकावे. दुर्बिणीतून त्याच्या पोटाची पिसे ओली होऊन काळी पडलेली स्पष्ट दिसत होती. आसपास घिरट्या घालणाऱ्या शिक्र्याची भीती असूनही तो बराच वेळ तसाच राहिला. मग जड अंगाने उठला आणि दूरच्या नांगरटीकडे सरळ रेषेत गेला.

त्या पिसांत तो पिलांसाठी पाणी नेत होता. पखुर्डी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर बहुधा तीन अंडी असतात. दिवसा मादी बसते, रात्री नर. पिले अंड्यातून बाहेर पडताच चालू लागतात, दाणे टिपू लागतात, पण पाण्यापर्यंत उडून जाणे त्यांना जमत नाही. मग बाप ओल्या पोटाने त्यांच्यापाशी येऊन ताठ उभा राहतो आणि पिले पिसांतून पाणी ओढून घेतात. मीड-वाल्डो नावाच्या इंग्रज पक्षिपालकाने १८९६मध्ये आपल्या पिंजऱ्यातल्या पाखरांवरून हे लिहिले, तेव्हा पुष्कळांना ते खरे वाटले नाही. १९६७मध्ये केड आणि मॅक्लीन या अभ्यासकांनी आफ्रिकेतल्या वाळवंटी पखुर्ड्यांवर काम करून ते सिद्ध केले. नराच्या पोटावरच्या पिसांचे सूक्ष्म धागे कोरडे असताना वळलेले असतात. भिजले की उलगडून उभे राहतात आणि मधल्या जागेत पाणी धरून ठेवतात. आबांनी यातले काही वाचलेले नव्हते. पण ओल्या पोटाने जाणारा नर त्यांनी पाहिला होता, आणि काठावर उतरलेल्या पखुर्डीवर त्यांनी कधी नेम धरला नाही. बिकानेरजवळच्या गजनेर तलावावर राजेरजवाडे आणि त्यांचे गोरे पाहुणे थवे पाण्यावर यायची वाट पाहत बंदुका घेऊन बसायचे. आबांना ते पटले नसते.

या जिल्ह्यात दुसरीही एक पखुर्डी आहे, रंगीत पखुर्डी, आणि तिची ओळख जास्त कसोटीची. भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या डोंगरांचे पाय जिथे उतरतात, तिथल्या खडकाळ, झुडपी उतारांवर ती राहते. शेपटीत ती लांब पिसे नाहीत. नराच्या कपाळावर काळे-पांढरे पट्टे, चोच नारिंगी, अंगभर आडव्या रेघांचे नक्षीकाम. एवढे देखणे पाखरू, पण ते पाण्यावर येते दिवस बुडाल्यावर, कातरवेळच्या अंधारात, आणि बहुतेक गुपचूप. अशा वेळी डोळ्यांचा उपयोग थोडाच. पंखांचा सर्रकन आवाज कुठून आला, किती खालून आला, एकटे होते की जोडी, यावरूनच ठरवायचे.

आबांची नजर पाण्यापुरती होती. माळ खरा वाचायचे ते फासेपारधी. आमच्या शिवारात पावसाळा सरल्यावर त्यांची पाले पडत. फासेपारध्याची गाय शिकवलेली असे. तिच्या आडोशाने तो पाखरांच्या अगदी जवळ जाई. गाय चरते आहे असेच पाखरांना वाटायचे. मग दोन झुडपांमधल्या वाटेवर बारीक फासे रोवायचे. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांबरोबर मी हिंडलो आहे. पाखरू न पाहता ते पाखराचे नाव सांगत. फुफाट्यात अंघोळ केल्याचा खळगा, खरवडलेली माती, एका ठिकाणी गोलाकार पडलेली शीट. ती पाहून ते म्हणत, रात्री इथे लावे बसले होते. लाव्यांचा कळप रात्री जमिनीवर कडे करून बसतो, शेपट्या आत, तोंडे बाहेर, म्हणजे कुठूनही धोका आला तरी कोणाला तरी दिसावा. पाय पडला तर सगळे एकदम भुर्रकन दाही दिशांना फुटतात आणि मग एकमेकांना हाका मारत पुन्हा गोळा होतात. बाबा मातीतली बोटे मोजायचे. लाव्यासारखेच दिसणारे एक पाखरू आहे, त्याला मागचे बोट नसते, उमटतात तीनच. त्यांच्यात मादी नरापेक्षा उठावदार आणि अंडी उबवतो नर. पुस्तकात मला हे पुष्कळ वर्षांनी सापडले. बाबांना ते मातीत दिसत होते.

ज्या समाजाला इंग्रजांनी १८७१च्या कायद्याच्या वाटेने गुन्हेगार ठरवले, आणि तो शिक्का १९५२मध्ये कागदावरून पुसला गेला तरी लोकांच्या मनातून पुसला गेला नाही, त्या समाजाकडे हे ज्ञान आहे. आजही गावात काही चोरीला गेले की आधी पालावर बोट दाखवले जाते. त्यांच्याकडून काही शिकावे असे कोणाला सुचत नाही, याची मला मनापासून चीड येते.

जालन्यापुरते बोलायचे तर पक्षिशास्त्राच्या इतिहासातही हा धागा आहे. १८२७मध्ये इथे छावणी उभी राहिली. मद्रासच्या दुसऱ्या लाइट कॅव्हलरीचा शल्यचिकित्सक थॉमस जेर्डन तिथे राहून गेला. भारतीय द्वीपकल्पातल्या पक्ष्यांची त्याची यादी मद्रासच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि पुढे १८६२ ते १८६४ या काळात 'द बर्ड्‌स ऑफ इंडिया' हा ग्रंथ आला. त्याच्या आधी कर्नल साइक्सने दख्खनच्या पक्ष्यांची सूची केली होती. खडकाळ माळावरच्या लाव्याचे शास्त्रीय वर्णन त्याने १८३२मध्ये दिले. त्या काळी ओळख पटवायची म्हणजे पाखरू मारून हातात घ्यायचे. पाखरू आणून देणारे, त्याचे ठिकाण दाखवणारे लोक मात्र इथलेच असत. जेर्डनचे नाव ज्याला मिळाले तो धाविक पक्षी १९००नंतर कोणाला दिसलाच नव्हता, संपला असेच मानले जात होते. १९८६मध्ये आंध्रातल्या कडप्पा भागात तो पुन्हा सापडला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक तिथे शोध घेत होते, पण पाखरू रात्री हाती लागले ते एका स्थानिक शिकाऱ्याच्या.

शिकारबंदी झाली ते योग्यच झाले, त्यात मला कसलाही किंतु नाही. वन्यजीव संरक्षण कायदा सप्टेंबर १९७२चा. त्यात परवान्यावर काही पाखरे मारायची मुभा शिल्लक होती, तीही १९९१च्या दुरुस्तीने गेली. आबांनी कायद्याची वाट पाहिली नाही. बहात्तरच्या दुष्काळात शिवारातले सगळे पाणवठे आटले, एका डोहावर तीन गावांची पाखरे येऊ लागली, आणि त्यांनी बंदूक खुंटीला लावली ती लावलीच. पण बंदुकीबरोबर आमच्या घरातली ओळखही गेली. माझ्या पुतण्यांना मोसंबीचा आंबेबहार, मृगबहार कळतो, कापसावरची बोंडअळी कळते, पखुर्डी आणि पारवा मात्र त्यांना सारखाच.

आणि ओळखणारा नसला की माळ रिकामा दिसू लागतो. केंद्र सरकारच्या भूसंसाधन विभागाने हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राबरोबर तयार केलेल्या पडीक जमिनींच्या नकाशांत झुडपी माळ पडीकच ठरतो. एकदा पडीक म्हटले की त्यावर काहीही करता येते. गायरान नांगरले जाते, चर खोदून झाडे लावली जातात, सौर पट्ट्या उभ्या राहतात. प्रत्येक गोष्टीला कारण असते आणि कित्येकदा ते रास्तही असते. मला सर्वांत जास्त विचार पडतो तो शेततळ्यांचा. २०१२-१३च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, तेव्हा शेततळ्याचे मोल सगळ्यांना कळले. कडवंची गावाने तर पाणलोटाची कामे आणि शेततळी यांच्या बळावर द्राक्षाच्या बागा उभ्या केल्या. शेततळे हवेच. पण त्याचा काठ उभा, त्यावर गुळगुळीत कागद, भोवती कुंपण. आखूड पायांची पखुर्डी तिथे उतरू शकत नाही. तिला हवा असतो उघडा, मातीचा, हळूहळू पाण्यात शिरणारा काठ, जिथून चारी बाजू दिसतात. शिवारात पाणी पूर्वीपेक्षा जास्त आणि तिच्यासाठी मात्र कमी, अशी स्थिती झाली आहे.

आमच्या पाझर तलावातला गाळ काढायला यंदा जेसीबी आला. सगळे काठ सरळ खणून काढायचे असे ठरले होते. सरपंचांना भेटून मी उत्तरेचा काठ उतरता ठेवायला सांगितला. गाळ थोडा कमी निघेल, पण गुरांनाही तिथून पाणी प्यायला सोपे जाईल, हे त्यांना पटले. चालक पोरगा परतूरकडचा होता. त्याने विचारले, "काका, पाखरू येतं किती वाजता?" मी सांगितले, नऊ-साडेनऊ, दहापर्यंत. दुसऱ्या दिवसापासून त्याने मशीन साडेदहाला सुरू केले आणि संध्याकाळी तेवढाच वेळ जास्त चालवले.