किती वर्षांच्या मुलांना चालेल?

२०१६ मध्ये जॉन फॅव्हरोचा ‘द जंगल बुक’ आपल्याकडे ‘यूए’ प्रमाणपत्र घेऊन लागला, तेव्हा सेन्सॉर बोर्डाची यथेच्छ टिंगल झाली. ज्या मोगलीला नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर अख्ख्या देशाने डोक्यावर घेतलं, तो बघायला आता पोरांनी आईबापाचं बोट धरून जायचं का, असं लोक विचारत होते. बोर्डाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी खुलासा केला, की थ्री-डीमध्ये प्राणी अंगावर येतात, लहान मुलं घाबरतील. त्यावर आणखी हसणं झालं. मला मात्र तो खुलासा अगदीच टाकाऊ वाटला नव्हता. दूरदर्शनच्या मालिकेतल्या शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता आणि या सिनेमाच्या हिंदी आवृत्तीतल्या शेरखानलाही त्यांचाच. आवाज तोच, पण घरच्या टीव्हीवर तो शेरखान दिसायचा तेव्हा खोलीत ऊन असायचं, आत कुकरच्या शिट्ट्या चालू असायच्या आणि फारच भीती वाटली तर उठून आईजवळ जाता यायचं. थिएटरच्या अंधारात, डोळ्यांवर चष्मा चढवून, एका बाजूला अनोळखी माणूस असताना तोच वाघ वेगळा असतो. सिनेमा मुलाला झेपेल की नाही, हे निम्मं सिनेमात असतं आणि निम्मं तो बघायच्या जागेत.

प्रमाणपत्राला या दुसऱ्या निम्म्याचं काही सांगता येत नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. ‘यू’ आणि ‘ए’ ही विभागणी जुनी. १९८३ मध्ये त्यांच्यामधली ‘यूए’ आली: बारा वर्षांखालच्या मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघावा, असा तिचा अर्थ. २०२३ च्या कायदादुरुस्तीने तिचेही सात, तेरा आणि सोळा वर्षांपुढचे असे तीन भाग केले. ओटीटीवर हे आकडे २०२१ च्या नियमांमुळे आधीच दिसायला लागले होते. सुधारणा चांगलीच आहे. पहिलीतलं पोर आणि सहावीतलं पोर एकाच मापाने मोजणं वेडेपणाचं होतं. पण कोणतंही मंडळ मोजणार ते मोजता येण्यासारखंच. रक्त किती सांडलं, शिव्या कोणत्या दिल्या, सिगारेट कोण ओढतं, अंगावर कपडे किती.

आमच्या सोसायटीत मे महिन्याच्या सुट्टीत हॉलमध्ये पडदा लावून मुलांना सिनेमे दाखवतात, आणि सिनेमा निवडण्याचं काम गेली काही वर्षं माझ्या गळ्यात पडलं आहे. ग्रुपवर नाव टाकलं की फोन सुरू होतात. किती वर्षांच्या मुलांना चालेल? तसलं काही नाही ना त्यात? शिव्या आहेत का हो ताई? पालकांचे प्रश्नही बोर्डासारखेच, मोजणीचे.

परेश मोकाशींचा ‘एलिझाबेथ एकादशी’ ठरवला होता तेव्हा हे फोन जरा जास्तच आले. त्यातल्या गण्याच्या तोंडाची कीर्ती सोसायटीत आधीच पोचली होती. या सिनेमाला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार तमिळ ‘काक्का मुट्टै’बरोबर विभागून मिळाला आहे, असं मी सांगत राहिले, पुरस्काराने कुणाचं समाधान होत नाही. मुलं बसली, गण्याला मनसोक्त हसली आणि त्या शिव्या त्यांना नव्या नव्हत्या हे चेहऱ्यांवरून दिसत होतंच. खाली पार्किंगमध्ये क्रिकेट खेळताना ती याहून सरस शब्दसंग्रह वापरतात. सिनेमा संपल्यावर मात्र एका मुलीने मला गाठून विचारलं, “काकू, बँक कुणाच्याही घरी येऊन मशीन नेऊ शकते?” पंढरपुरातल्या त्या विधवा आईचं स्वेटर विणायचं मशीन कर्जापायी जातं आणि मग वडिलांनी बनवलेली सायकल विकायची वेळ येते, ही त्या गोष्टीची खरी धास्ती. ज्यांच्या घरात हप्ता हा शब्द रोज उच्चारला जातो त्या मुलांना ती बरोबर लागली होती. तिच्याबद्दल विचारायला एकाही पालकाचा फोन आला नव्हता.

आणि म्हणून हा सिनेमा दाखवू नये असं म्हणायचं का? मुळीच नाही. मुलांना कशाची भीती वाटते याचा मोठ्यांचा अंदाज बहुतेक वेळा चुकतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

अविनाश अरुणच्या ‘किल्ला’च्या वेळी तर हे फारच स्पष्ट दिसलं. नावात किल्ला म्हटल्यावर एका आईने विचारलं होतं, “भूतबित नाही ना? आमचा रात्री झोपत नाही मग.” भूत नाही, असं मी खात्रीने सांगितलं. सिनेमात वडील गेलेला चिन्मय आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात येतो. नवी शाळा, नवी पोरं, हळूहळू जमलेली गट्टी. एके दिवशी सगळे सायकली दामटत किल्ल्यावर जातात. पाऊस कोसळायला लागतो. चिन्मय आत एकटा सापडतो, हाका मारत फिरतो, आणि बाहेर येतो तेव्हा बाकीचे त्याला सोडून निघून गेलेले असतात. बस, एवढंच. रक्त नाही, खलनायक नाही, अंगावर येणारं संगीत नाही. प्रमाणपत्राच्या कुठल्याही रकान्यात भरण्यासारखं काही नाही. हॉलमध्ये मात्र चिप्सच्या पाकिटांची कुरकुर थांबली. त्याच वर्षी वडिलांच्या बदलीमुळे नागपूरहून आलेला एक मुलगा दुसऱ्या रांगेत बसला होता. तो पाय वर घेऊन, गुडघ्यांवर हनुवटी टेकवून पडद्याकडे बघत होता आणि कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाला, “परत येतील ना ते?” शेजारच्या मुलाने, जो एरवी याला बॅटिंग देत नसे, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा समोर बघायला लागला.

हा मुलगा त्या भुताची चौकशी करणाऱ्या आईचाच. आधी तिने मला विचारलं असतं, ‘मित्र सोडून जातात असं काही आहे का?’ तर मला हो म्हणावं लागलं असतं, आणि कदाचित तिने त्याला आणलं नसतं. न आणणं योग्य ठरलं असतं का? मला नाही वाटत. तो सिनेमा त्याच्या मनातलीच गोष्ट सांगत होता, आणि खोटं सांगत नव्हता. शेवटी आईची पुन्हा बदली होते आणि नुकते जमलेले मित्र पुन्हा सुटतात, हेही तो लपवत नाही. २०१४ च्या बर्लिन महोत्सवात मुलांच्या विभागातल्या बालपरीक्षकांनी याच संथ, पावसाळी सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं क्रिस्टल बेअर दिलं. मोठ्यांच्या बैठकीत हा सिनेमा मुलांना कंटाळवाणा होईल असं एकाने तरी नक्की म्हटलं असतं.

याच्या उलटचं उदाहरण ब्रिटनमधलं. ‘वॉटरशिप डाउन’ हा सशांचा कार्टूनपट १९७८ साली तिथे ‘यू’ प्रमाणपत्राने लागला. चित्रं हलतात आणि ससे बोलतात म्हटल्यावर तो मुलांचाच असणार, असं आईबापांनी धरून चाललं. पडद्यावर बिळं बुजवून गुदमरलेले ससे, फासात अडकून तोंडाला रक्त आलेला ससा, एकमेकांचे लचके तोडणारे ससे. तक्रारी कित्येक वर्षं येत राहिल्या. अखेर २०२२ मध्ये तिथल्या मंडळाने तो पुन्हा तपासून ‘यू’वरून ‘पीजी’वर नेला. तोवर तो बघून घाबरलेल्या मुलांची मुलं मोठी झाली होती. मोजण्याच्या गोष्टी डोळ्यांसमोर असूनही सशांच्या गोजिरवाण्या कानांनी मोठे फसले, याची मला गंमत वाटते.

आपल्याकडे ही फसगत दुसऱ्या वाटेने होते. मराठीत गेल्या वीसेक वर्षांत मुलांवरचे उत्तम सिनेमे निघाले आणि मुलांवरचा सिनेमा म्हणजे मुलांचा सिनेमा असं समीकरण बसलं. संदीप सावंतांचा ‘श्वास’ मी लहान मुलांना दाखवत नाही. परशाचे डोळे काढावे लागणार आणि त्याआधी आजोबा त्याला एक दिवस जग दाखवतात, ही गोष्ट मोठी आहे. पण ती आजोबांच्या काळजातून सांगितलेली आहे. आपण आजोबांबरोबर रडतो. आठ वर्षांचं मूल आजोबा होऊन बघत नाही, ते परशा होऊन बघतं, आणि रात्री अंथरुणात डोळे मिटायला घाबरतं. गोष्ट कुणाच्या नजरेने सांगितली आहे, हे मी वयाच्या आकड्याच्या आधी बघते. मंगेश हाडवळेंच्या ‘टिंग्या’तही कमी दुःख नाही, बैल खाटकाकडे जायचा आहे. पण तिथे प्रश्न विचारणारा टिंग्या स्वतः आहे. शेजारच्या म्हाताऱ्या आजीवर उपचार करता, मग माझ्या चितंग्याला का विकता, हा त्याचा सवाल मुलाचाच आहे आणि मोठे त्याच्यापुढे निरुत्तर होतात.

सोसायटीतले आजोबा लोक अशा वेळी ‘श्यामची आई’ काढतात. आम्ही हुंदके देऊन रडलो, आमचं काय बिघडलं? खरं आहे. अत्र्यांचा तो सिनेमा १९५३ चा, पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णपदक मिळवलेला, आणि त्यात आई मरते. सगळं थिएटर रडत असताना रडणं मुलांना बाधत नाही, उलट एक प्रकारे बरंच वाटतं. मात्र घरी परतताना ‘बघ, श्याम कसा होता, नाहीतर तू’ हे जे सुरू व्हायचं, त्याने त्या रडण्याची माती व्हायची. मुलांना मृत्यू सोसतो. त्यानंतरचं प्रवचन सोसत नाही.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल मला आजवर एकही फोन आलेला नाही. ‘छोटा भीम’. भीम लाडू खातो ती त्याची ताकद. जाडा कालिया खायला लागला की तो खादाडपणा, आणि त्याची फजिती झाली की हसायचं. वर्षानुवर्षं, भागामागून भाग, सिनेमामागून सिनेमा. ना रक्त, ना शिवी. बिनधास्त लावून देऊन आपण स्वयंपाकाला लागतो. सुट्टी संपून शाळा सुरू झाली की वर्गातल्या जाड्या मुलाला काय नाव पडतं ते विचारून बघा. बोबडं बोलणारा नोकर, काळी म्हणून नाकारलेली मुलगी, तोतऱ्याचा विनोद, हे आपल्या ‘सहकुटुंब’ विनोदी सिनेमांतही भरपूर असतं. माझ्या यादीतून सिनेमा गळतो तो बहुधा यापायी. पडद्यावरच्या मरणापायी फार क्वचित.

निवडण्याआधी सिनेमा पूर्ण बघावा हे आदर्श झालं. वेळ नसेल तर मी शेवटची वीस-पंचवीस मिनिटं बघते. मुलाला संकटात नेऊन सिनेमा त्याला तिथेच टाकून देतो की कुणाच्या तरी सोबतीने बाहेर आणतो, ते तेवढ्यात कळतं. सगळं गोड व्हावं असा हट्ट नाही. बाकीचं मात्र पालकांनाच माहीत असतं: कुणाचे आजोबा नुकतेच गेलेत, कुणाच्या घरी भांडणं चालू आहेत, कोण दिवा बंद केला की दचकतो. ते मला फोनवर सांगा, मी कुणाला सांगणार नाही. ‘यूए सात’ की ‘यूए तेरा’ हे तर पडद्यावर लिहिलेलं येतंच.

यंदा ‘टिंग्या’ ठरला आहे. पहिलीच्या आतल्या मुलांना आणू नका. त्याहून मोठ्यांना जरूर आणा, पण त्यांना हॉलमध्ये सोडून भाजी आणायला जाऊ नका. शेजारी बसा, फोन बंद ठेवा, आणि घरी जाताना त्यांनी काही विचारलं तरच बोला.