बिऱ्हाडकरूची पारख

घर भाड्याने देणे हा व्यवहार बाहेरून दिसावयास फार सोपा आहे. एकाची खोली रिकामी आहे, दुसऱ्यास राहावयास जागा हवी आहे; मग अडावे कशासाठी? परंतु ज्या घरी हा व्यवहार दोन-तीन पिढ्या चालत आला आहे, त्या घरच्या मंडळींस ठाऊक असते की, किल्लीबरोबर आपण आपला विश्वासही परक्याच्या हवाली करीत असतो.

आमचे घर जुन्या पनवेलीस आहे. मागील अंगणाकडील दोन खोल्या आजोबांच्या काळापासून भाड्याने दिल्या जातात, आणि आज त्यांच्या भाड्यावर आमच्या वृद्ध काकूंच्या औषधपाण्याचा खर्च चालतो. एखादे वर्ष बिऱ्हाड लबाड निघाले, तर त्याची झळ प्रथम त्या माउलीस लागावयाची. म्हणून हा विषय आम्हांस केवळ पैशाचा वाटत नाही.

आजोबांच्या वेळी ओळखीच्या एका गृहस्थाचा शब्द पुरे होई. पनवेलीस नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली खरी, पण गाव बेताचे. कोण कोणाचा, हे तळ्यावर नाहीतर देवळात अर्ध्या तासात कळे. पुढे नवे पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहती उभ्या राहिल्या, २०१६ साली महानगरपालिका झाली, आणि २०२५ साली विमानतळही सुरू झाला. आता नांदेडचा मनुष्य येतो, पाटण्याचा येतो. त्याच्याविषयी हमी कोणी द्यावी? तेव्हा शब्दाची जागा कागदाने घेतली. परंतु कागदास तोंड नसते म्हणून तो खोटे बोलत नाही, असे मात्र कोणी समजू नये. हल्ली घरच्या संगणकावर पगाराची पावती घटकाभरात तयार होते.

गेल्या वर्षी एक गृहस्थ आले. पोशाख नीटनेटका, बोलणे आर्जवी, आणि जानेवारीपासून मार्चपर्यंतच्या पगाराच्या तीन पावत्या हाती. पगार दरमहा साठ हजार. आमच्या धाकट्या बंधूंनी पावत्या शेजारी शेजारी मांडून पाहिल्या. महाराष्ट्रात अशा पगारावर व्यवसाय कर दरमहा २०० रुपये कापतात, आणि फेब्रुवारीत मात्र ३०० रुपये. म्हणजे वर्षाचे २,५०० होतात. या गृहस्थांच्या तिन्ही पावत्यांवर २०० च होते! भविष्यनिर्वाह निधीची कपातही मूळ वेतनाच्या बारा टक्के नव्हती, की पुष्कळ कंपन्या कापतात ते १,८०० रुपयेही नव्हते. आम्ही इतकेच विचारले, "फेब्रुवारीची पावती कचेरीतून पुन्हा एकवार मागवून घ्याल काय?" गृहस्थ "उद्या आणतो" म्हणून गेले, ते पुन्हा फिरकले नाहीत.

बँकेचा उतारा तपासण्याची रीतही अशीच साधी आहे. मागील शिल्लक घ्यावी, जमा मिळवावी, खर्च वजा करावा. पुढील ओळीतील शिल्लक जुळलीच पाहिजे. खोटा उतारा करणारा पगाराचा आकडा वाढवितो, पण त्याखालील प्रत्येक बेरीज दुरुस्त करण्याचा धीर त्यास बहुधा नसतो. पावतीवरील हाती आलेली रक्कम आणि बँकेत जमा झालेली रक्कम रुपयापर्यंत सारखी आहे की नाही, तेही पाहावे. रविवारी पगार जमा झाला म्हणजे उतारा खोटा, असे जुने लोक म्हणतात. ते आता खरे नाही. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटीने पैसे सुटीच्या दिवशीही पोचतात.

तथापि पारख करणे निराळे आणि संशय घेणे निराळे. त्याच खोल्यांसाठी पुढे एका रुग्णालयातील परिचारिका आल्या. पॅन क्रमांकातील पाचवे अक्षर व्यक्तीच्या आडनावाचे आद्याक्षर असते, हे आमच्या वडीलबंधूंनी कोठे तरी वाचले होते. बाईंच्या आडनावाशी ते जुळेना. "कागद खोटा आहे, नकार कळवा," असा त्यांनी निकाल दिला. तेव्हा आमच्या सूनबाई आतून आपले पॅनकार्ड घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दादा, माझेही अक्षर जुळत नाही. लग्नानंतर नाव बदलते, क्रमांक बदलत नाही." वडीलबंधू क्षणभर स्तब्ध राहिले आणि मग मोकळेपणी हसले. बाईंनी विवाहाचा दाखला दाखविला, आणि आज त्या आमच्याकडे राहतात. सूनबाई त्या वेळी माजघरात नसत्या, तर एका कष्टाळू स्त्रीस लबाड ठरवून आम्ही दारातून परत पाठविले असते, आणि त्या अन्यायाची कोठे दादही लागली नसती.

म्हणून कागद न जुळल्यास प्रथम खुलासा विचारावा. प्रामाणिक मनुष्य प्रश्नाने क्वचितच दुखावतो. मात्र जात, धर्म, आहार किंवा एकटी स्त्री एवढ्यावरून नकार देणे ही पारख नव्हे. त्याने लबाड गळत नाहीत, सज्जन मात्र गळतात.

सर्वांत भरवशाची चाळणी नोंदणीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदलेला असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद पडल्यास, उलट शाबीत होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात. घरबसल्या होणाऱ्या नोंदणीत आधारच्या नोंदीशी अंगठा जुळवितात. उसन्या नावाने आलेला मनुष्य तेथे अडतो. यास्तव नोंदणी पुरी होण्यापूर्वी किल्ली देऊ नये. पोलिसांकडेही भाडेकरूची माहिती द्यावी, आणि अधूनमधून जाऊन खोलीत तोच मनुष्य राहतो ना, हे पाहावे. कारण स्वतःस मालक म्हणवून दुसऱ्याकडून मोठी अनामत उकळणारे भाडेकरूही असतात.

आणखी एक लबाडी अशी आहे की, तीत भाडेकरू डोळ्यांस दिसतच नाही. दूरध्वनीवर कोणी स्वतःस सैन्यातील अधिकारी म्हणवितो, बदली झाल्याचे सांगतो, घर न पाहताच पसंत करतो, आणि आगाऊ रक्कम पाठविण्याच्या मिषाने एक चौकोनी चित्र धाडून ते टिपावयास व गुप्त अंक घालावयास सांगतो. वाचकांनी घरातील वडीलधाऱ्यांस हे आवर्जून सांगून ठेवावे की, यूपीआयवर पैसे घेण्यास गुप्त अंक लागत नाही. तो लागतो पैसे देण्यास. फसगत झालीच तर लाजून न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

शेवटी, दुसऱ्याचे कागद आपल्या हाती आले म्हणजे तीही एक ठेवच होय. ते चार ठिकाणी दाखवू नयेत. आधारचे शेवटचे चारच अंक दिसतील अशी प्रत मागितली तरी जपून ठेवावयास पुरते. बिऱ्हाडकरू आपणांस पारखतो तेव्हा तोही हेच पाहत असतो की, ज्याच्या छपराखाली बायकामुले आणावयाची, तो घरमालक विश्वासास पात्र आहे की नाही. ही पारख दोन्ही बाजूंनी नीट झाली, म्हणजे भाड्याचे घरही सुखाने नांदते.